हिरीताई आणि अठ्ठेचाळीस तासांचं कुलूप

हिरीताई धोडी माझ्यावर अजून चिडलेली आहे, आणि तिचं चुकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिची गोष्ट सांगताना मी स्वतःला जरा बरा दाखवायचा प्रयत्न करणार, तो तुमच्या लक्षात यावा.

मी संदीप, चिखल्याचा. डहाणूजवळच्या एका फुग्यांच्या कारखान्यात दिवसपाळीला सुपरवायझर आहे. वाढदिवसाला, उद्घाटनाला, लग्नाच्या कमानीला लागतात ते फुगे आमच्याकडे होतात. हिरीताई तिथे फुग्यांसाठी लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, तयार करते. तिचा पाडा तलासरी तालुक्यात, झरीच्या अलीकडे. सातवीपर्यंत शिकलेली, पंचेचाळिशी ओलांडलेली, उंचीने लहान, पण आवाज मशीनच्या घरघरीवर चढणारा. ती सगळ्यांना अरेतुरे करते. मला, मॅनेजरला, जुने मालक नविनभाई होते त्यांनासुद्धा. तिच्या घरच्या वारली बोलीत तशीच रीत आहे. नविनभाईंना त्याचं कधी काही वाटलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती साच्यावरून फुगे उतरवायच्या कामाला लागली. मिक्सिंगच्या खोलीत तेव्हा चिमणकाका होते. त्यांची नजर कमी होत गेली तशी ते पोरींपैकी कुणाला तरी हाक मारायचे, जरा बघ गं, गोळा कसा तुटतो. बाकीच्या पोरी अमोनियाच्या वासाने पळायच्या. हिरीताई थांबायची. काका घरी बसले तेव्हा त्यांचं काम तिच्याकडे आलं, आणि त्याला आता अठरा वर्षं झाली.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. रबराच्या झाडाचा चीक, टिकावा म्हणून अमोनिया घालून, केरळातून पिंपांत भरून येतो. त्याला आम्ही लॅटेक्सच म्हणतो. त्यात दळलेलं गंधक, झिंक, रंग असं बरंच काही घालून ते टाकीत मुरवत ठेवायचं. कमी मुरलं तर फुगा नरम आणि चिकट होतो. जास्त मुरलं तर त्याला टाचणीएवढी भोकं पडतात, नाहीतर फुगवताना चिरतो. किती वेळ मुरवायचं, याचं उत्तर हिरीताईकडे एका काचेच्या भांड्यात असायचं. भांड्यात थोडं लॅटेक्स घ्यायचं, तेवढंच क्लोरोफॉर्म ओतायचं, काडीने ढवळायचं. गोळा जमतो. गोळा तारेसारखा ताणला गेला तर कच्चं आहे. ओढल्यावर स्वच्छ तुटला तर झालं. कोरडा चुरा झाला तर गेलं. थंडीत दोन दिवस लागायचे, मेमध्ये एक दिवस आणि वर दोन-तीन तास. कधी पिंपच वेगळं निघायचं आणि अंदाज चुकायचा. म्हणून ती अंदाजावर जायचीच नाही. दर तीन तासांनी भांडं घेऊन टाकीपाशी.

मग नविनभाईंनी कारखाना मुंबईच्या एका कंपनीला दिला. त्या कंपनीकडे आणखी दोन कारखाने होते आणि तिन्ही कारखाने एकाच कंप्युटर सिस्टीमवर आणायचे ठरले. त्यासाठी त्या कंपनीचा रूपेश नावाचा माणूस चार जणांना घेऊन आला. दोन आठवडे ते एसीच्या ऑफिसात बसले होते. मॅनेजरला विचारलं, स्टोअरवाल्याला विचारलं, मला अर्धा तास विचारलं. मिक्सिंगच्या खोलीत रूपेश एकदाच आला. नाकाला रुमाल लावून त्याने दोन फोटो काढले आणि गेला. हिरीताई समोर उभी होती. तिला त्याने बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होती म्हणून.

माझ्या अर्ध्या तासात त्याने विचारलं होतं, "मुरवायला किती तास लागतात?"

मी म्हटलं, "साधारण दोन दिवस, पण..."

त्याने अठ्ठेचाळीस टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला. माझा 'पण' तिथेच राहिला. मीही तो पुन्हा उचलला नाही.

दोन महिन्यांनी प्रत्येक टाकीच्या तोटीवर विजेवर चालणारं कुलूप बसलं. लॅटेक्स टाकीत भरलं की बारकोड मारायचा. अठ्ठेचाळीस तास झाले की स्क्रीन हिरवी होणार आणि कुलूप उघडणार. त्याआधी कुणी उघडू नये म्हणूनच ते होतं. भिंतीवर जिथे हिरीताई खडूने वेळ लिहायची तो फळा काढला आणि तिथे स्क्रीन लावली. थंडीत सगळं नीट चाललं. रूपेशच्या लोकांनी केक कापला.

गेल्या वर्षीचा मे महिना. मिक्सिंगचं छप्पर पत्र्याचं. सोमवारी सकाळी आठला तीन नंबरची टाकी भरली. मंगळवारी अकरा वाजता हिरीताई भांडं घेऊन माझ्यापाशी आली. गोळा ओढून दाखवला. स्वच्छ तुटला.

"संदीप, तीन नंबर उघड."

"अजून हिरवं नाही झालं, ताई. उद्या सकाळी होईल."

"काय हिरवं नाय झालं?"

"स्क्रीन."

"स्क्रीन लॅटेक्समध्ये हात घालून बसली हाय का? हे बघ ना. आता काढलं तर फुगा होईल. उद्या काढशील तर चोथा होईल."

मी मुंबईला हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडच्या मुलाने तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. दोन तासांनी मेल आला की टाकी तीनचं कुलूप रचनेप्रमाणेच चालू आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. मी तो तिला वाचून दाखवला. ती आत गेली, पान्हा घेऊन आली आणि तोटीच्या मागचा नट पकडला.

"ताई, कॅमेरा आहे. नोकरी जाईल."

"माझी का तुझी?"

"दोघांची."

तिने पान्हा खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला दिसतंय ना, संदीप? तुला कळतंय ना मी काय सांगते ते?"

मला दिसत होतं. कळतही होतं. साचे लॅटेक्समध्ये बुडतात त्या लाइनवर मी निघून गेलो.

तिने हार मानली नाही. गोणपाटं भिजवून टाकीला गुंडाळली, निदान गार राहील म्हणून. पाळी संपेपर्यंत ती बादलीने त्यांवर पाणी मारत होती. बुधवारी सकाळी स्क्रीन हिरवी झाली, कुलूप उघडलं. तिने पुन्हा गोळा केला. हातात चुरा आला.

"फेकून द्या हे," ती म्हणाली.

पण स्क्रीन हिरवी होती, लाइन थांबली होती आणि मॅनेजर घड्याळ बघत होता. ते लॅटेक्स लाइनला गेलं. मीच सोडलं. त्या आठवड्यात अशा तीन टाक्या गेल्या.

आता तपासणीच्या टेबलाचं सांगतो. तिथे बायका फुगा ताणून, उजेडात धरून बघतात आणि खराब काढून टाकतात. नव्या सिस्टीमने त्या टेबलावर प्रत्येकीचं नाव लावलं होतं. जिच्या हातून खराब माल जास्त निघेल तिचं नाव भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लाल. म्हणजे बघा, लॅटेक्स बिघडलं कुलपामुळे, आणि दोष लागला ते नेमकं पकडणाऱ्या बाईला. जी जास्त लक्ष देऊन बघायची, तिचं नाव आधी लाल व्हायचं. मे संपेपर्यंत आठ बायका सारख्या लाल होत्या. सगळ्या ठेकेदाराच्या माणसांत मोडणाऱ्या. शनिवारी ठेकेदाराचा फोन गेला, सोमवारपासून येऊ नका. सोमवारी कामगारांच्या टेम्पोने त्यांना घेतलंच नाही.

त्या आठांत शुक्री होती, हिरीताईची धाकटी जाऊ. दोघींची घरं एका अंगणात. अकरा वर्षं दोघी एकाच टेम्पोने यायच्या.

पुढच्या आठवड्यात रूपेश आला. त्याच्याकडे छापील अहवाल होता. त्यात लिहिलं होतं की मिक्सिंग कामगाराने ठरलेल्या पद्धतीत ढवळाढवळ केल्याने माल बिघडला. पुरावा म्हणून कॅमेऱ्यातला फोटो होता. हिरीताई टाकीवर ओली गोणपाटं टाकते आहे. खाली पाळी सुपरवायझरच्या सहीची जागा.

मी सही केली. कारणं होती. ती इथे सांगत नाही, सांगून ती मोठी होणार नाहीत.

मग तिला बोलावलं. तिने कागद घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत सगळा वाचला. सगळे ताटकळले. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात कुलूप कुठे हाय?"

"कसलं कुलूप?" रूपेशने विचारलं.

"टाकीचं. मी उघड म्हटलं, यांनी उघडलं नाय. ते लिही, मग मी सही करते."

"बाई, हा कामगाराच्या चुकीचा फॉर्म आहे. यात सिस्टीमसाठी जागा नाही."

"मग जागा कर."

तिने सही केली नाही. ज्याची सही खाली होती त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, तिने एकदा बघितलं. तिला पॅकिंगला टाकलं. अठरा वर्षं लॅटेक्स बनवणारी बाई पिशव्यांत शंभर-शंभर फुगे मोजून भरायला लागली. मिक्सिंगला मिथुन नावाचा नवा माणूस आला. तो बारकोड मारायचा आणि मोबाइल बघत बसायचा. त्याचा काय दोष? त्याला तेवढंच काम शिकवलं होतं.

कारखान्यातून निघालेली अहवालाची बातमी पाड्यावर पोचली ती अशी: हिरीने लॅटेक्स बिघडवलं म्हणून आठ जणींचं काम गेलं. शुक्रीने हिरीताईशी बोलणं टाकलं. तिची पोरं समोरच्या ओट्यावर खेळायची ती बंद झाली.

पावसात हवा गार झाली, माल आपोआप सुधारला. रूपेशने मेल पाठवला की उपाय लागू पडला. पण मेमधला माल बाजारात गेलेला होता. ऑगस्टमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाने खोकीच्या खोकी परत पाठवली. तेव्हा कुठे मुंबईला जाग आली, आणि प्रगती आली.

प्रगती तिशीची होती. तिचं काम असं, की कंपनीचा धंदा कसा चालतो आणि कंपनीचे कंप्युटर काय करतात, हे दोन्ही एका नकाशावर मांडायचं आणि कुठे जुळत नाही ते शोधायचं. तिने कँटीनच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि चौकटी काढत बसली. पिंप, मिक्सिंग, टाकी, लाइन, तपासणी. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "टाकीच्या चौकटीत नुसता अठ्ठेचाळीसचा आकडा आहे. बाकी दोन कारखान्यांतही तोच. हा आला कुठून?"

मी म्हटलं, "माझ्याकडून." आणि तो 'पण' तिला सांगितला. मग म्हटलं, "हिरीताईला विचारा."

ती पॅकिंगमध्ये गेली. मी मागे उभा होतो.

"ताई, मला जरा मिक्सिंगचं समजावून सांगाल?"

हिरीताईचे हात थांबले नाहीत. "तीन महिने लागले विचारायला?"

"मी कालच आले, ताई."

"तू नाय. तुम्ही सगळे. आठ बायका घरी बसवल्या, मला इथे पिशव्या भरायला लावलं, आणि आता विचारता. मी काय शिकवायला बसले हाय?"

प्रगती गेली नाही. बाजूला स्टुलावर बसली आणि पिशव्या भरू लागली. अर्ध्या तासाने हिरीताईनेच बोलायला सुरुवात केली. "आधी ती भिंतीवरची लाल नावं काढ. मग बोलू."

"ते माझ्या हातात नाही. पण मी वरती सांगून बघते."

दोन दिवसांत तिने ती स्क्रीन बंद करून घेतली. कशी, ते माहीत नाही. मग हिरीताई मिक्सिंगमध्ये गेली, भांडं घेतलं, गोळा करून दाखवला. कच्चं कसं, झालेलं कसं, गेलेलं कसं. प्रगतीने स्वतः तो ओढून बघितला.

आठवड्याने प्रगती खुशीत आली. तिने प्रत्येक महिन्याचे वेगळे तास ठरवले होते. मेमध्ये सव्वीस, जुलैला चाळीस, जानेवारीला पन्नास. सिस्टीम महिना बघून कुलूप उघडणार. हिरीताईने तक्ता पाहिला आणि तिचा आवाज चढला.

"पुन्हा आकडेच घातलेस. आधी एक होता, आता बारा. पिंपातला अमोनिया उडालेला असला तर? गंधक कमी दळलं गेलं तर? मेमध्ये दोन दिवस वळीव पडला तर? तुझा तक्ता येऊन टाकीला हात लावून बघणार हाय का?"

मला वाटलं, आता हीही जाणार आणि मेल पाठवणार. तिने तो तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "म्हणजे तास विचारायचेच नाहीत. लॅटेक्स झालं का, एवढंच विचारायचं."

"मग एवढे दिवस मी काय बोलते?"

पुढचे तीन दिवस प्रगती कँटीनमधून फोनवर रूपेशशी भांडत होती. आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. रूपेशचं म्हणणं, प्रत्येक कारखान्याला वेगळं करून दिलं तर सगळं एकसारखं कसं राहणार. ती म्हणाली, "एकसारखं काय हवंय ते ठरवा. फुगा की तास? फुगा एकसारखा हवा असेल तर तास वेगळेच येणार. आणि बदलणारी गोष्ट तुम्ही सिस्टीमच्या मधोमध अशी घट्ट बसवलीय की ती हलवायला मुंबईहून माणूस लागतो."

शेवटी तिचं म्हणणं चाललं. टाकीचा नियम सिस्टीममधून वेगळा काढला. आता मिक्सिंगचा माणूस गोळा तपासतो, निकाल आणि आपलं नाव टाकतो, कुलूप उघडतं. उद्या गोळा तपासायची पद्धत बदलली तर कारखान्यातच बदलता येते, कुणाची परवानगी लागत नाही. आणि खराब फुगा निघाला तर तो कुठल्या टाकीचा ते बघितलं जातं, कुणाच्या हातात सापडला ते नाही. ही शेवटची अट हिरीताईची. "माझं नाव लावा," ती म्हणाली, "टाकी माझी हाय. पण शेवटच्या बाईच्या गळ्यात घालू नका."

सप्टेंबरमध्ये ती मिक्सिंगला परतली. पहिल्याच दिवशी मी गेलो आणि म्हटलं, "ताई, माझी चूक झाली."

"मला नको सांगू. शुक्रीला सांग. तिच्या अंगणात जाऊन सांग."

रविवारी मी मोटरसायकलवर बोर्डीवरून झरीकडे गेलो. शुक्री अंगणात नाचणीच्या शेतातून आणलेलं गवत गाईपुढे टाकत होती. तिचा नवरा आणि शेजारची दोन माणसं ओट्यावर बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुलूप, गोणपाटं, अहवाल, माझी सही.

शुक्रीने ऐकून घेतलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सही का केलीस?"

मी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"तुझ्या सहीवर मी साडेतीन महिने जावेशी बोलले नाय," ती म्हणाली. "तिला ताप आला, मी बघायला गेले नाय. पोरांना मारलं तिच्या दारात गेली म्हणून." तिचा आवाज वाढला नाही. त्यापेक्षा वाढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, कंपनी आठ जणींना परत घेते आहे, तू ये. ती म्हणाली, मी उंबरगावला कंपनीत लागले, तिकडेच बरी आहे. आठांतल्या पाच जणी परत आल्या. शुक्री आली नाही.

हिरीताई समोरच्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. सगळं तिला ऐकू गेलं असणार. शुक्री हातातलं गवत टाकून तिकडे गेली, तिच्या शेजारी बसली आणि सुपातली मूठभर सुकट आपल्यापुढे ओढून निवडायला लागली. मला कुणी बस म्हणालं नाही. मी परत फिरलो.

डिसेंबरात रूपेश फोटोग्राफर घेऊन आला. मुंबईत त्याला मोठ्या लोकांपुढे सांगायचं होतं की आमच्या कंपनीत कामगाराच्या अनुभवातून यंत्रणा कशी बदलत जाते. त्याला रंगीत फुगे हातात धरलेल्या हिरीताईचा फोटो हवा होता.

"आधी तो कागद फाड," ती म्हणाली.

"कुठला?"

"मी ढवळाढवळ केली म्हणून लिहिलेला."

रूपेशने समजावलं की बंद झालेला अहवाल सिस्टीममधून काढता येत नाही, फार तर त्याखाली टीप जोडता येईल.

"मग टीप जोड. कुलूप होतं असं लिही. आठ बायकांची नावं लिही."

"बघतो, वरती विचारावं लागेल."

तिने मिक्सिंगचं दार लावून घेतलं. फोटो मिथुनचा काढला. धुतलेला शर्ट, हातात काचेची काडी, तीही उलटी धरलेली. तोच फोटो मोठा करून आता आमच्या ऑफिसात लावलाय. ये-जा करताना तो दिसला की माझं डोकं फिरतं.

टीप अजून जोडलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हिरीताई मॅनेजरच्या केबिनमध्ये जाते आणि विचारते, झालं का? मॅनेजर म्हणतो, वर पाठवलंय. ती म्हणते, बरं, पुढच्या महिन्यात येते.

गेल्या महिन्यात मी नवा जबाब हाताने लिहिला, काय घडलं ते सगळं, आणि खाली सही केली. मॅनेजरला द्यायच्या आधी तो तिला दाखवला. वाचल्यावर ती एका ओळीवर थांबली.

"दुपारी बारा लिहिलंस. मी अकराला सांगितलं होतं."

मी बारा खोडून अकरा केलं. तिने कागद परत दिला आणि गंधक दळायला लावायचं होतं म्हणून निघून गेली.